आमवात आणि आपले ताट

हिवाळ्याच्या दिवसांत आमच्या तामसी गावात पहाट होते ती भाकरी थापण्याच्या आवाजाने. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या घरातून हा आवाज येईनासा झाला. त्या घरच्या माउलीस आम्ही काकू म्हणतो. काकू नेहमीप्रमाणे पहाटे उठत. परंतु पीठ मळावयास मूठ मिटावी, तर ती मिटत नसे. दोन्ही मनगटे सुजलेली, बोटांची पेरे ताठलेली. उन्हे अंगणात आली म्हणजे हात हळूहळू मोकळे होत.

दुखणे कळताच सल्ले आले. एकीने सांगितले, वांगे सोडा. दुसरी म्हणाली, तुरीचे वरण वातूळ. तिसरीने दही-ताक बंद करविले, चौथीने चिंच आणि टोमॅटो. दोन महिन्यांत काकूंच्या ताटात भाकरी आणि मिरचीचा ठेचा एवढेच उरले. सांधे दुखावयाचे ते दुखतच राहिले. शेवटी दवाखान्यात नेले तेव्हा वजन घटलेले होते आणि अंगात रक्तही कमी भरले. एका दुखण्याची दोन दुखणी झाली होती.

आहाराचा आणि सांध्यांचा काही संबंध आहे काय? असल्यास किती? आणि तो आपल्या घरी कसा पारखावा? या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत. आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, पुढे आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, तरी आमच्या कित्येक घरांतील बोली मराठीच राहिली. दवाखान्यातील कागद मात्र बहुधा तेलुगूत वा इंग्रजीत असतात. म्हणून ही माहिती मराठीत घरी पोहोचावी, असे आम्हास वाटते.

रोगाचे स्वरूप

आपण सर्वच सांधेदुखीस 'वात' म्हणतो. परंतु दुखणी अनेक आहेत. उतारवयात गुडघ्यांची कूर्चा झिजते, ती झीज निराळी. रक्तातील युरिक आम्ल वाढून पायाचा अंगठा एकाएकी लाल होतो व ठणकतो, ते वातरक्त निराळे. चिकनगुनिया तापानंतर कित्येक महिने सांधे धरतात, तेही निराळे. काकूंचे दुखणे होते आमवात.

आमवातात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती वाट चुकते. जी फौज रोगजंतूंशी लढावयाची, ती आपल्याच सांध्यांच्या आतील नाजूक अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजते, जाड होते आणि उपचार न झाल्यास शेजारची कूर्चा व हाड पोखरते. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिपटीने आढळतो. त्याची चाल सरळ नसते. काही आठवडे दुखणे शांत असते, मग एकाएकी उचल खाते आणि पुन्हा ओसरते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हे दुखणे खेड्यांत किती आढळते? डॉ. अरविंद चोपडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांची विचारपूस झाली. त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांस हाडे, स्नायू वा सांधे यांचे काही ना काही दुखणे होते. खरा आमवात मात्र सुमारे अर्धा टक्का लोकांस. म्हणजे प्रत्येक दुखरा गुडघा आमवाताचा नसतो. पण दोनशे प्रौढांच्या वस्तीत एखादा तरी रुग्ण असण्याचा संभव आहे.

जुना प्रश्न, नवी उत्तरे

आहाराशी या रोगाचे नाते जोडण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. माधवकराच्या 'माधवनिदान' या वैद्यकग्रंथास हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. नीट न पचलेल्या अन्नापासून 'आम' होतो आणि वाताबरोबर तो सांध्यांत जाऊन बसतो, असे तेथे मानले आहे. वेदनेस विंचवाच्या दंशाची उपमा दिली आहे. आजचे शास्त्र आमाची कल्पना त्या रूपात स्वीकारीत नाही. तरी आतड्यांतील सूक्ष्म जंतू आणि प्रतिकारशक्ती यांच्या संबंधाचा कसून अभ्यास आज चालू आहे.

नॉर्वे देशात १९९१ साली ५३ रुग्णांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांपैकी अर्ध्या रुग्णांनी प्रथम सात ते दहा दिवस उपवास केला आणि नंतर वर्षभर शाकाहार घेतला. महिन्याभरात त्यांचे सांधे कमी दुखू लागले, सूज उतरली, आणि वर्षाअखेरपर्यंत बराच लाभ टिकला. परंतु नुसता उपवास करून पुन्हा पूर्वीचाच आहार सुरू केल्यास दुखणे परतते, असेही अनुभवास आले आहे. शिवाय अशक्त रुग्णास लंघन घातक ठरते. आणि आपल्याकडील एकादशी म्हणाल, तर साबुदाण्याची खिचडी व शेंगदाण्याचे लाडू यांना त्या प्रयोगातील उपवास कोणी म्हणणार नाही!

स्वीडनमधील ५१ रुग्णांवरचा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील काहींनी बारा आठवडे भूमध्य समुद्राकाठच्या लोकांप्रमाणे आहार घेतला: भाज्या, फळे, कडधान्ये, मासे व ऑलिव्हचे तेल भरपूर; तांबडे मांस थोडे. त्यांचे दुखणे काही अंशी कमी झाले. ऑस्ट्रेलियात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नव्याने रोग जडलेल्या रुग्णांस औषधांच्या जोडीला माशांच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्ले रोज साडेपाच ग्रॅम दिली. ज्यांना ती अत्यल्प मिळाली, त्यांच्यापेक्षा या रुग्णांस औषधे अधिक लागू पडली. येथे 'औषधांच्या जोडीला' हे शब्द अधोरेखित करावेत.

अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली या सर्व पुराव्याची छाननी केली. भूमध्य समुद्राकाठच्या धर्तीचा आहार घ्यावा, अशी सौम्य शिफारस तिने केली. इतर ठरावीक पथ्यांची शिफारस केली नाही. सारांश, आहाराचा संबंध आहे. परंतु त्याचे बळ बेताचे आहे. आहार हा औषधाचा सोबती आहे, औषधाच्या जागी त्याला बसविता येत नाही.

आपल्या ताटात काय असावे

ऑलिव्हचे तेल तामसीच्या बाजारात शोधण्याची गरज नाही. त्या आहाराचे तत्त्व आपल्या काळ्या मातीत उगवते. ज्वारीची भाकरी, तुरीचे व मुगाचे वरण, मेथी, चवळी, शेवगा, अंबाडी यांची भाजी, मूठभर शेंगदाणे, ऋतूतील पेरू, सीताफळ, बोरे: हे ताट त्याच वाटेने जाणारे आहे. आपल्या भागात जवसाची चटणी पूर्वापार आहे. जवसाच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ जातीच्या एका स्निग्धाम्लाचा असतो. माशांतील प्रकारात त्याचे रूपांतर शरीरात थोडेच होते; म्हणून जवस हे माशांच्या तेलाची बरोबरी करील असे नाही. तरी तळलेल्या भज्यांपेक्षा जवसाची चटणी केव्हाही बरी. जे मासे खातात, त्यांनी आठवड्यातून दोनदा खावेत.

कमी काय करावे? पुन्हा पुन्हा तापविलेले तेल, बाजारातील तळीव पदार्थ, शीतपेये, चहातील वाढती साखर. वजन अधिक असल्यास ते हळूहळू उतरवावे, कारण स्थूलपणाने सूज वाढते आणि सांध्यांवरील भारही वाढतो. विडी तर सोडावीच. धूम्रपानाने आमवात जडण्याचा धोका वाढतो आणि औषधेही नीट लागू पडत नाहीत.

हळदीविषयी पुष्कळ बोलले जाते. भाजीत हळद जरूर घालावी. मात्र हळदीच्या अर्काच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी काही लोकांच्या यकृतास इजा झाली आहे.

आता काकूंनी सोडलेल्या पदार्थांविषयी. वांगी, टोमॅटो वा तूर यांनी आमवाताच्या सर्वच रोग्यांना बाधा होते, असा पुरावा नाही. उलट डाळ सोडली की प्रथिने गेली. आमवातात मुळातच रक्त कमी होते व स्नायू झिजतात. त्यांत अर्धपोटी राहण्याची भर पडली. दूध-ताक सोडले की चुना गेला; ज्यांना स्टेरॉइडची औषधे घ्यावी लागतात, त्यांची हाडे आधीच ठिसूळ होत असतात. दूध खरोखर सोसत नसेल, तर नाचणी, तीळ व पालेभाज्या वाढवाव्यात.

वातरक्ताचे पथ्य मात्र निराळे आहे. तेथे दारू, काळीज-कलेजी व फार मांस यांचा संबंध उघड आहे. एका रोगाचे पथ्य दुसऱ्यास लावणे म्हणजे एकाच्या चष्म्याने दुसऱ्याने वाचणे होय.

कावळा आणि फांदी

असे असले, तरी एखाद्या व्यक्तीस एखादा पदार्थ खरोखर बाधत असेल, हे संभवनीय आहे. तो ओळखावा कसा? येथे वर सांगितलेली गोष्ट आठवावी: आमवात आपोआप उचल खातो आणि आपोआप ओसरतो. सोमवारी वांगे खाल्ले आणि मंगळवारी बोटे सुजली, तर दोष वांग्याचा, की रोगाच्या चालीचा? कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडते आणि आपण कावळ्यास दोष देतो. दुखणे ओसरण्याच्या वेळी सोडलेल्या पदार्थाला तसेच फुकट श्रेय मिळते.

यावर उपाय म्हणजे वही. शाळेतील एक जुनी वही घ्यावी आणि रोज पाच नोंदी कराव्यात: काय खाल्ले, सकाळी हात मोकळे व्हावयास किती मिनिटे लागली, किती सांधे सुजले, झोप व श्रम किती झाले, औषध घेतले की चुकले. पहिले तीन आठवडे आहारात काहीही बदल करू नये, केवळ नोंदी कराव्यात. नंतर ज्याचा संशय असेल असा एकच पदार्थ तीन आठवडे बंद ठेवावा. बाकी सर्व पूर्ववत. मग तो पदार्थ पुन्हा सुरू करावा. वगळल्यावर आराम आणि घेतल्यावर त्रास, असे दोनदा घडले तरच त्या पदार्थास दोषी ठरवावे. एका वेळी चार पदार्थ सोडले, तर दोषी कोण हे कधीच कळणार नाही.

औषधाशी तडजोड नको

सांधे सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ ताठ राहत असतील, दोन्ही हातांची लहान पेरे सुजत असतील आणि हे सहा आठवडे टिकले असेल, तर पथ्याचा प्रयोग करीत बसू नये. आदिलाबादच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वा जवळच्या जाणत्या डॉक्टरांकडे जावे. पहिल्या काही महिन्यांतच योग्य औषध मिळाले, तर सांधे वाचतात. एकदा पोखरलेले हाड मात्र कोणत्याही आहाराने भरून येत नाही.

या रोगात बहुधा मेथोट्रेक्सेट हे औषध देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. म्हणून घरातील लिहित्या-वाचत्या मुलाने गोळीचा वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. या औषधाबरोबर मोहाची काय किंवा दुकानातील काय, कोणतीही दारू वर्ज्य. गरोदरपणातही हे औषध चालत नाही. आठवडी बाजारातील बिननावाच्या पुड्या घेऊ नयेत. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले आढळते. चार दिवस जादू झाल्यासारखी वाटते आणि पुढे हाडे, साखर व रक्तदाब यांची किंमत मोजावी लागते. अशी पुडी पुष्कळ दिवस घेतली असेल, तर ती एकाएकी बंद न करता डॉक्टरांस दाखवावी.

विद्यार्थी मित्रहो, काकूंची वही त्यांच्या नातीने लिहिली. ती आपल्याच शाळेत आठवीत आहे. काकूंचे औषध सुरू झाले, वरण व ताक ताटात परत आले. तीन महिन्यांच्या नोंदींत वांगे निर्दोष ठरले, चिंचही निर्दोष ठरली. परंतु ज्या आठवड्यात गोळी चुकली आणि ज्या आठवड्यात कापूस वेचणीचे श्रम झाले, त्या दोन्ही आठवड्यांत सकाळची मिनिटे वाढलेली आढळली. दुखणे पुरते गेलेले नाही; ते अधूनमधून उचल खाते. पण नोंदी समोर असल्यामुळे आता कोणी काही सांगितले, तर काकू म्हणतात, "थांबा, पोरीच्या वहीत पाहू."

आपल्याही घरी कोणाची बोटे सकाळी ताठत असतील. सल्ला देणारे पुष्कळ मिळतील. वही लिहिणारे तुम्ही व्हा.