ताज्या लिदीचें खत

शाळेच्या बागेंत काम करणारे विद्यार्थी आम्हांस नेहमीं एक प्रश्न विचारतात. घोड्याची लीद जर उत्तम खत आहे, तर ती पागेंतून आणून तशीच झाडाच्या बुडाशीं कां घालूं नये? प्रश्न योग्य आहे. "घालूं नये" एवढेंच सांगून आम्ही थांबलों, तर विद्यार्थ्यांस नियम मिळेल, ज्ञान मिळणार नाहीं. म्हणून त्याचीं कारणें येथें क्रमानें पाहूं.

गाय रवंथ करते. तिच्या चार कप्प्यांच्या जठरांत चारा पुन्हां पुन्हां दळला जातो. घोडा रवंथ करीत नाहीं. त्याचा चारा मोठ्या आंतड्यांत आंबतो व लवकर बाहेर पडतो. म्हणून लिदींत गवताच्या काड्या उघड दिसतात आणि गवताच्या पुष्कळ बिया जिवंत राहतात. शेण ओलें, चिकट व घट्ट असतें. लीद मोकळी असून तिच्यांत हवा खेळते. हवा मिळाल्यानें सूक्ष्म जंतु झपाट्यानें वाढतात, आणि ढिगाची उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत सहज चढते. शेतकरी लिदीस गरम खत म्हणतात, तें अगदीं शब्दशः खरें आहे.

ह्या उष्णतेचा उपयोग पॅरिस शहराच्या माळ्यांनीं १९ व्या शतकांत मोठ्या कुशलतेनें केला. शहरांत घोडे विपुल होते. हे माळी ताज्या लिदीचा जाड थर रचीत, त्यावर माती पसरीत व वर कांचेचीं झांकणें ठेवीत. मग ऐन हिंवाळ्यांतही त्यांच्या वाफ्यांत कोंवळी भाजी होई. परंतु लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, तेथेंही रोपाचीं मुळें मातींत असत, लिदींत नसत. लीद केवळ खालून ऊब देई. आमच्या देशांत ती ऊब सूर्यच पुरेशी देतो.

आतां ताज्या लिदीचे दोष पाहूं. पहिला दोष असा कीं, लिदींत मिसळलेल्या मुतापासून अमोनिया वायु निघतो. त्यानें व कुजण्याच्या उष्णतेनें कोंवळीं मुळें जळतात. मग आज घातलेलें खत कांहीं दिवसांत झाडास मारतें. दुसरा दोष तणांचा. न कुजलेल्या लिदीबरोबर आपण गवताचें बीं आपल्याच हातानें पेरतों. तिसरा दोष आरोग्याचा. कच्च्या खतांतील रोगजंतु कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवरून पोटांत जाऊं शकतात. म्हणूनच अमेरिकेंतील सेंद्रिय शेतीच्या सरकारी नियमांप्रमाणें, ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीस लागतो, त्याच्या काढणीपूर्वीं निदान १२० दिवस अगोदर कच्चें खत मातींत मिसळलेलें असावें लागतें. इतर खाद्य पिकांस ९० दिवस पुरतात.

तेव्हां ताजी लीद मिळाली तर काय करावें? रिकाम्या जमिनींत ती पसरून मिसळावी व वरील मुदत पाळावी, हा एक मार्ग. त्याहून चांगला मार्ग म्हणजे ती कुजविणें. अल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञानें इंदूर येथें बसविलेली व १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलेली 'इंदूर पद्धति' याच तत्त्वावर उभी आहे. वाळलेला पाला, लीद आणि थोडी माती व राख यांचे थर एकावर एक रचावे. ढीग निदान एक मीटर लांब, रुंद व उंच असावा. लहान ढीग तापत नाहीं. ओल इतकी असावी कीं, मूठभर पिळलें असतां हात ओला व्हावा, पण धार लागूं नये. ढीग वरचेवर उलटावा, म्हणजे बाहेरचा भाग आंत जाऊन तापेल व त्यांतील बिया आणि बहुतेक रोगजंतु मरतील. लिदींत लांकडाचा भुसा फार असेल तर अधिक काळ थांबावें. तो भुसा पचवितांना जंतु मातींतील नत्र ओढून घेतात व झाडें पिवळीं पडतात.

पावसाळ्यांत ढीग झांकून ठेवावा, आणि विहीर किंवा ओढा यांपासून दूर असावा. माथेरानासारख्या ठिकाणीं हें विशेष महत्त्वाचें आहे. तेथें खाजगी मोटारगाड्यांस प्रवेश नसल्यामुळें घोडे आजही माणसें व सामान वाहतात. रस्त्यांवर लीद पडते आणि पाऊस धो धो कोसळतो. जी लीद ढिगांत राहिली असतां खत झाली असती, तीच पाण्यांत गेली म्हणजे घाण होते.

सुमारें तीन-चार महिन्यांनीं ढीग थंड होतो, काळा पडतो व त्यास पावसानें भिजलेल्या मातीसारखा वास येतो. तरीही एक परीक्षा घ्यावी. डब्यांत तें खत व माती समभाग घेऊन मेथी पेरावी. आठवड्यांत ती हिरवीगार उगवली, तर खत तयार झालें असें समजावें.

एक सूचना मात्र आम्ही कळकळीनें देतों. धनुर्वाताचे जंतु घोड्याच्या आंतड्यांत राहतात व लिदीबरोबर मातींत येतात. १८८९ सालीं जपानी शास्त्रज्ञ कितासातो यानें हे जंतु प्रथम शुद्ध स्वरूपांत वाढविले. त्यांचीं बीजें ढिगाच्या उष्णतेनें मरत नाहींत. खिळा किंवा कांटा खोल रुतला तर ह्या रोगानें प्राण जाऊं शकतो. म्हणून लीद हाताळतांना पायांत जोडा असावा, हात साबणानें धुवावे, जखम झांकावी, व झालेली जखम शिक्षकांपासून कधीं लपवूं नये. धनुर्वाताची लस आपल्या देशांत १० व्या व १६ व्या वर्षीं सरकारतर्फे दिली जाते. ती चुकवूं नये.

लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांत निष्फळ अंजिराचा दृष्टांत आहे. धनी झाड तोडावयास सांगतो, आणि माळी त्याजपाशीं दोन गोष्टी मागतो: भोंवतीं खणून खत घालण्याची मोकळीक, आणि एक वर्षाची मुदत. आपण खत लक्षांत ठेवतों व वर्ष विसरतों. त्या माळ्यास ठाऊक होतें कीं, वेळ दिल्यावांचून खत कांहींच करूं शकत नाहीं. बागेंत उतरणाऱ्या विद्यार्थ्यानें दोन्ही मागावीं. आणि मुलें लवकर फळास यावीं म्हणून अधीर होणाऱ्या आम्हां शिक्षकांनींही.