स्टेपनी जुन्याच मापाची चालेल का?

प्रश्न : कॅम्पर व्हॅनला २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ टायर बसवले. स्टेपनी जुनीच आहे. चालेल?

उत्तर : नाही, पाचवा टायरही नव्याच मापाचा घ्या. जुन्या चाकाचा व्यास सुमारे ३० मिलिमीटर कमी आहे. ते मागच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मिळणाऱ्या अ‍ॅक्सलवर लावलंत, तर डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहून तापतो. अडचणीत पुढचं मोठं चाक मागे न्या, स्टेपनी पुढे लावा आणि सावकाश जवळच्या पंक्चरवाल्याकडे पोचा.

खरेदीआधी गाडीखालची स्टेपनीची जागा मोजा. सायलेन्सर तिथे आडवा येऊ शकतो. पलंग, पाण्याची टाकी यांचं वजन धरून टायरचा लोड इंडेक्स बघा. गाडीला अलॉय आणि स्टेपनीला लोखंडी डिस्क असेल, तर त्यांचे नट बऱ्याचदा वेगळे असतात. दोन्ही संच गाडीत ठेवा.