तिकडे धावतं, इकडे चालतं

सिल्वासात सुताच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळायला आलो, तेव्हा शाळेतलं एक क्रियापद पक्कं पाठ होतं : ‘रन’ म्हणजे धावणे. ते विसरायला बरीच वर्षं लागली. त्या वर्षांनी शिकवलेलं असं :

१. शब्दाची शेपटी बघावी.
लॉगबुकात आधीच्या पाळीने लिहिलं होतं, ‘पेपर ट्यूब रनिंग आऊट’. मला ‘रनिंग’ तेवढं दिसलं. म्हटलं, चालू आहे, छान! रात्री दोनला ट्यूब संपल्या. सूत गुंडाळायला पुठ्ठ्याची नळीच नाही म्हटल्यावर मशीन बंद. सकाळी बोलणी खाल्ली.

२. ओळखीचा अर्थ आधी पुढे येतो, त्यालाच अडवावं.
व्यापाऱ्याचा फोन आला, “तुमचा कलर रन होतोय.” बाजारात ‘रनिंग आयटम’ म्हणजे हातोहात खपणारा माल. मी खुशीत विचारलं, “मग आणखी पाठवू?” पलीकडे शांतता. त्याच्या कापडाचा रंग धुण्यात जात होता.

३. शब्दाला शब्द लावू नये.
‘आय रन अ फॅक्टरी’चं ‘मी कारखाना पळवतो’ केलं, तर महाराष्ट्रात भांडण होईल! नाक ‘रन’ होतं तेव्हा ते वाहतं; दमणगंगाही वाहतेच. निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार धावतो, ब्रिटनमधला आणि आपला मात्र उभा राहतो.

४. इंग्रजीला हसण्याआधी घरात बघावं.
ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले, हे वाचून मी हबकलो. मग बिहारहून आलेल्या ऑपरेटरला ‘लागणे’ समजावायला बसलो. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेड लागतं. स्टँडवर बस लागते आणि घाटात कुणाला बस ‘लागते’. तो म्हणाला, “साहेब, राहू द्या.”

५. आधी ‘चालणे’ लावून बघावं.
आमच्या एका पाळीत तीन भाषा. मशीन मराठीत चालतं, गुजरातीत ‘चाले छे’, हिंदीत ‘चल रहा है’. इंग्रजीत धावणारं यंत्र आमच्या तिन्ही भाषांत चालत जातं. घर, दुकान, गाडी, सगळ्यांना हा शब्द बसतो. नाहीच बसला, तर मग कोश उघडावा.

६. रात्रपाळीसाठी लिहिताना शब्दापेक्षा आकडा बरा.
आता लॉगबुकात मी लिहितो : ‘ट्यूब ५० उरल्या.’ रात्री दोनला कोश कोण उघडतो?