गावचे घर पर्यटकांना द्यायचे आहे. परवाना लागतो का?

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. आम्ही सगळे ठाण्यात राहतो. गणपतीत आणि मे महिन्यात घर उघडते, एरवी कुलूप. चार खोल्या, पडवी, विहीर आणि समुद्र चालत दहा मिनिटांवर. घर ॲपवर टाकले तर शनिवार-रविवारचे सहज भाड्याने जाईल, असे सगळे सांगतात. किल्ली शेजारचे काका देतील. यासाठी परवाना लागतो का आणि कोणाचा? पाहुण्यांची नोंद ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे? घर आपले, मग त्यात पोलिसांचा काय संबंध, असे माझ्या भावाचे म्हणणे आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या भावाच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण बहुतेकांचे गाडे तिथेच अडते. घर तुमचे हे खरे. पण अनोळखी माणसाकडून पैसे घेऊन त्याला रात्रीचा आसरा दिला की कायदा तुमच्याकडे निवासाची जागा चालवणारा म्हणून पाहतो. ही काही आजची गोष्ट नाही. इंग्रजांच्या काळात १८६७ साली सराईंचा कायदा झाला. सराईची नोंद जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे करायची, खोल्या, पडव्या, विहिरी स्वच्छ ठेवायच्या, राखणदार ठेवायचा, दरांचा तक्ता लोकांना दिसेल असा लावायचा, ही सगळी कलमे त्यात होती. मोडणाऱ्याला दंड होता वीस रुपयांपर्यंत. वाटसरू सुरक्षित राहावा आणि तो कोण होता हे नंतर कळावे, या दोन गरजा तेव्हा होत्या तशाच आजही आहेत.

आता परवान्याचे. एकाच खिडकीवर एकच कागद मिळेल आणि काम संपेल, असे आपल्याकडे नाही. पण सगळ्या नियमांच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो तुम्ही स्वतःला आधी विचारावा : पाहुणे घरात असताना रात्री त्या घराची जबाबदारी कोणावर आहे?

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची ‘अतुल्य भारत’ न्याहारी-निवास योजना पाहा. एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, सिल्व्हर आणि गोल्ड असे दोन वर्ग. मात्र मूळ अट अशी की मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे. पाहुणा कुटुंबात येऊन राहतो, घरचे जेवतो, म्हणून तो होमस्टे. तुमचे घर या व्याख्येत बसत नाही, कारण तुम्ही ठाण्यात आहात. महाराष्ट्रात न्याहारी-निवासाची योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने सुरू केली आणि आता अशा नोंदणीचे काम पर्यटन संचालनालय पाहते. अर्ज भरण्याआधी त्यांच्या विभागीय कार्यालयात जाऊन ‘मालक घरात राहत नाही’ हे स्पष्ट सांगा आणि कोणत्या वर्गात अर्ज करायचा ते विचारा. बंद घराची होमस्टे म्हणून नोंद करू नका. उद्या विहिरीवर अपघात झाला, तर अर्जातले ते एक खोटे वाक्य तुमच्यावर उलटेल.

गोव्यात चित्र वेगळे आहे. तिथे १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे आणि पैसे घेऊन पर्यटकांना खोली द्यायची तर पर्यटन खात्याकडे नोंद करावीच लागते. पेडण्यात किंवा काणकोणात फ्लॅट घेऊन ठेवणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

कोकणातल्या घरांची खरी अडचण पर्यटन खात्यात नसते, ती सातबाऱ्यावर असते. तुम्ही ‘आमचे वडिलोपार्जित घर’ लिहिले आहे. सातबारा आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा काढून पाहा. आजोबांचे नाव अजून असेल, किंवा वारसनोंद होऊन काका, आत्या, चुलतभाऊ, त्यांची मुले अशी डझनभर नावे लागलेली असतील. त्यातले कोणी बडोद्याला, कोणी बेळगावला. घर बंद असते तोवर कोणी काही बोलत नाही. भाडे येऊ लागले की हिशेब विचारला जातो आणि तो विचारण्याचा त्यांना हक्कही आहे. म्हणून पहिला पाहुणा येण्याआधी सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. घर कोण चालवणार, दुरुस्तीचा खर्च कसा वळता करायचा, उरलेले पैसे कसे वाटायचे आणि गणपतीच्या दिवसांत घर कुटुंबासाठी मोकळे ठेवायचे की नाही, हे त्यात लिहा. संमती कागदावर असेल तर ग्रामपंचायतीकडे ना हरकत दाखल्यासाठी गेल्यावर कोणी हरकत घेणार नाही. घरपट्टी निवासी राहते की व्यावसायिक होते, हेही तिथेच विचारून घ्या. विजेच्या मीटरबाबत तोच प्रश्न महावितरणला विचारा.

समुद्र दहा मिनिटांवर म्हणता, म्हणून एक सावधगिरीची सूचना. चार पैसे येऊ लागले की मागच्या बाजूला दोन खोल्या आणि वर एक गच्ची काढण्याचा मोह होतो. तुमची जागा किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड) येते का, ते आधी तपासा. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत स्थानिक लोकांना, मच्छीमारांनाही, राहत्या घरात होमस्टे चालवायला मुभा आहे, पण जोत्याचे क्षेत्रफळ, घराची रचना आणि दर्शनी भाग न बदलता. मला ही अट फार योग्य वाटते. कौलारू घर पाडून काचेचे बंगले उभे राहिले, की ज्यासाठी माणसे कोकणात येतात तेच नाहीसे होते.

करांचे थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८ टक्के. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला स्वतःची जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. मात्र ॲपवरून बुकिंग झाले आणि तुम्ही नोंदणीकृत नसाल, तर तो कर ॲपची कंपनी भरते. याचा अर्थ उत्पन्न सरकारला दिसत नाही असा नव्हे. ते पॅनसकट दिसते. आयकर विवरणपत्रात दाखवा. पाहुण्यांना जेवण देणार असाल, तर अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. माझ्या मते परवान्याहून हाच मोठा.

पाहुण्यांची वही. अनेक ठिकाणी ती काउंटरवर असते, तिला दोरीने पेनही बांधलेले असते आणि आत लिहिलेले असते ‘अमुक तमुक + ७’. ही नोंद नव्हे. त्या सात जणांपैकी एक जण भरतीच्या वेळी पाण्यात गेला आणि परतला नाही, तर तुम्ही पोलिसांना त्याचे नाव काय सांगणार? वहीत प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र ओळ हवी. नाव, वय, घरचा पत्ता, मोबाइल, ओळखपत्राचा प्रकार, गाडीचा नंबर, कुठून आले, पुढे कुठे जाणार, येण्याची तारीख आणि वेळ, जाण्याची तारीख आणि वेळ, सही. मुलांची नावे पालकांच्या खाली लिहा. शेवटच्या रकान्यात घरच्या कोणाचा तरी नंबर घ्या. तो कोणी मागत नाही, पण अपघाताच्या रात्री सगळ्यात आधी तोच लागतो. ओळखपत्र बुकिंग करणाऱ्याचेच नव्हे, प्रत्येक प्रौढाचे पाहा आणि त्यावरचा फोटो समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहा. हे काम व्हॉट्सॲपवर होत नाही. दारात माणूसच उभा असावा लागतो.

म्हणून शेजारच्या काकांवर नुसती किल्ली टाकून मोकळे होऊ नका. त्यांना हे काम जमत असेल, तर मोबदला ठरवून, कागदावर लिहून, रीतसर जबाबदारी द्या. नसेल तर दुसरे कोणी पाहा. आज नियम मोडला तर पोलिस पाटील काकांच्या दारात जाणार आणि उत्पन्न मात्र ठाण्यात येणार, हे न्यायाचे नाही.

भारतीय पाहुण्यांच्या नोंदीसाठी देशभर एकच नियम नाही. ती ठेवली जाते ती बरीचशी स्थानिक पोलिसांच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या आदेशांवर. शहरांत भाडेकरूंची माहिती पोलिस ठाण्यात द्या, असे आदेश निघतात ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. असा आदेश एरवी दोन महिन्यांपुरताच राहतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा निघतो. तुमच्या भागात सध्या कोणता आदेश लागू आहे, ते पोलिस ठाण्यात जाऊन विचारा आणि घर सुरू करत असल्याचा अर्ज देऊन त्याची पोच घ्या. गावात आधी पोलिस पाटलांना भेटा. किनाऱ्यावर ही विचारपूस अधिक होते आणि त्याला कारण आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरले होते. आपल्या गावात कोण आले, कोण गेले, हे कोणाला तरी माहीत असणे गरजेचे आहे. तुमच्या भावाला माझे उत्तर हेच.

परदेशी पाहुण्यांबाबत मात्र नियम देशभर एकच आहे. परदेशी नागरिक तुमच्याकडे उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन द्यावी लागते. या धंद्यातली माणसे याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला, पण घरमालकाचे हे कर्तव्य कायम आहे. पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा नंबर आणि मुदत, भारतात कधी आला, तुमच्याकडे येण्याआधी कुठे होता, पुढे कुठे जाणार, असे सगळे त्यात भरायचे असते. व्हिसाचे पान स्वतः पाहा, मुदत तपासा. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलिस अधीक्षक कार्यालयाकडे असते.

यात चूक होते ती आपल्याच माणसांच्या बाबतीत. न्यू जर्सीहून आलेले जोडपे तुमच्याशी मराठीत बोलेल, सोलकढी मागून घेईल आणि ओसीआय कार्ड पुढे करेल. त्यांचा पासपोर्ट अमेरिकेचा असेल, तर ते परदेशी नागरिकच. फॉर्म भरा. उलट, दुबईत वीस वर्षे नोकरी केलेल्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याला हा फॉर्म नाही. आडनाव आणि भाषा बघून ठरवू नका, पासपोर्टचे मुखपृष्ठ बघा.

ओळखपत्रांच्या प्रतींबद्दल. पाहुण्याने आधारच द्यावे, असा हट्ट धरू नका. वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट चालतात. पॅनकार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते यासाठी उपयोगाचे नाही. आधार दिलेच, तर शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत घ्या. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने ‘हॉटेलांना आधारच्या प्रती घेता येत नाहीत’ असे पत्रक काढले होते. दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतले, पण त्यामागची भीती खरी होती. या प्रती काकांच्या मोबाइलच्या गॅलरीत वर्षानुवर्षे पडून राहता कामा नयेत. एका कुलूपबंद कपाटात ठेवा, ठरलेल्या मुदतीनंतर फाडून जाळा. वही मात्र जपून ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर माणसाची माहिती सांभाळणे ही ती घेणाऱ्याची जबाबदारी आहे.

तुम्ही विचारलेले नाही, पण पहिल्याच महिन्यात प्रसंग येईल, म्हणून सांगतो. लग्न न झालेले जोडपे आले तर? दोघे प्रौढ असतील आणि दोघांची ओळखपत्रे असतील, तर त्यांना खोली देण्याला कायद्याची आडकाठी नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइम्बतूरच्या एका निवासगृहाच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितले. लग्नाचा दाखला मागू नका. वयाचा पुरावा मात्र नीट पाहा आणि अठरा पूर्ण नसलेली मुलगी किंवा मुलगा पालकांशिवाय आला, तर खोली देऊ नका आणि पोलिस ठाण्यात कळवा.

येत्या खेपेला गावी जाल तेव्हा सातबारा, ग्रामपंचायत आणि पोलिस ठाणे ही तीन कामे आधी उरका, ॲपवर फोटो नंतर टाका. आणि परदेशी पाहुण्यांसाठीचे ऑनलाइन खाते आताच उघडून ठेवा. त्यासाठी घराची आणि मालकाची कागदपत्रे द्यावी लागतात, खाते मंजूर व्हायला वेळ जातो, आणि पाहुणा दारात आल्यावर हातात फक्त २४ तास असतात.