सरकती अक्षरे का अडखळतात?

बोईसर किंवा पालघर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना इंडिकेटरवरून सरकत जाणारी अक्षरे तुम्ही वाचली असतील. ती खरोखर सरकतात का? मुळीच नाही. एक दिवा विझतो, शेजारचा पेटतो. सरकल्याचा भास आपल्या डोळ्यांना होतो. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी वाटाण्याचे रोप वाढताना दाखवणारा एक छोटा चित्रपट केला होता, तोही थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेऊनच. अशा एका चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात.

संगणकाचा पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवतो. म्हणजे एका फ्रेमसाठी १००० ÷ ६० = सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रोग्रॅमने पुढचे चित्र तयार ठेवले पाहिजे.

आता अशी कल्पना करा, की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही सूचना सरकवत दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला आहे. सकाळी अक्षरे झुळझुळ वाहत होती. अर्ध्या तासाने ती धक्के खाऊ लागली आणि मागे उभ्या असलेल्यांना वाचता येईनात. दोष कोठे शोधाल?

प्रथम मोजा. पण सेकंदाला किती फ्रेम होतात एवढेच मोजू नका. एक फ्रेम तयार व्हायला किती वेळ लागतो तेही मोजा. समजा, सुरुवातीला ६ मिलिसेकंद लागत होते आणि दर मिनिटाला त्यात अर्ध्या मिलिसेकंदाची भर पडते. दहाव्या मिनिटाला ११, विसाव्या मिनिटाला १६ मिलिसेकंद होतील. तरी पडद्यावर ६० फ्रेम दिसतच राहतील! बाविसाव्या मिनिटाला मात्र १७ मिलिसेकंद होतात आणि फ्रेमची संख्या एकदम ३० वर येते.

असे का? पालघरला लोकल पकडायला निघालेल्या माणसाचा विचार करा. तो पाच मिनिटे आधी पोचला काय किंवा अर्धा मिनिट आधी पोचला काय, गाडी तीच मिळते. पण अर्धा मिनिट उशीर झाला, तर पुढच्या गाडीपर्यंत ताटकळत बसावे लागते. पडद्याच्या ठोक्याची वाट पाहणाऱ्या प्रोग्रॅमचेही बहुधा तसेच होते. ठोका थोडक्यात चुकला, की फ्रेम पुढच्या ठोक्याला, म्हणजे ३३.३ मिलिसेकंदांनी दिसते. बिघाड बाविसाव्या मिनिटाला दिसला. रोग पहिल्या मिनिटापासूनच होता.

आता संशयितांकडे वळू.

पहिला संशयित मराठी लिपी. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार जुळवायला संगणकाला जास्त काम पडते हे खरे. पण मजकूर तेवढाच असेल, तर हे काम पहिल्या मिनिटाला जेवढे, तेवढेच तिसाव्या मिनिटाला. न बदलणारे कारण वाढत जाणारा परिणाम घडवू शकत नाही. म्हणून याला सोडून देऊ.

दुसरा संशयित उष्णता. यंत्र तापले की ते स्वतःचा वेग कमी करते, आणि मे महिन्यात आपल्याकडे उकाडा कमी नसतो. याची परीक्षा सोपी आहे. प्रोग्रॅम बंद करून लगेच पुन्हा सुरू करा. यंत्र अजून गरमच आहे. तरीही फ्रेम पुन्हा ६ मिलिसेकंदांत होऊ लागली, तर दोष उष्णतेचा नाही. प्रोग्रॅममध्येच काहीतरी साचत आहे.

तिसरा संशयित हा साठा. पडद्याबाहेर गेलेल्या ओळी प्रोग्रॅमने टाकून दिल्या आहेत का? नसतील, तर न दिसणाऱ्या शेकडो ओळीही तो दर फ्रेमला नव्याने मांडत बसतो. ओळींची संख्या पडद्याच्या कोपऱ्यात छापून पाहा. संख्या आणि वेळ बरोबरीने वाढत असतील, तर बाहेर गेलेल्या ओळी काढून टाका आणि पुन्हा अर्धा तास मोजा. वेळ ६ वरच राहिली, म्हणजे निदान पक्के झाले. एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केलेत, तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

आणखी दोन सुधारणा करता येतील. ओळ एकदाच चितारून तिचे चित्र जपून ठेवावे आणि नंतर तेच सरकवावे. शिवाय सरकण्याचे अंतर फ्रेमवर नव्हे, तर गेलेल्या वेळावर ठरवावे. सेकंदाला १२० ठिपके सरकायचे असतील, तर ६० फ्रेमना प्रत्येकी २ आणि ३० फ्रेमना प्रत्येकी ४ ठिपके. मग फ्रेम कमी झाल्या तरी ओळ वेळेवर पुढे जाईल.

करून पाहा : शाळेच्या संगणकावर दर पाच मिनिटांनी फ्रेमचा वेळ वहीत नोंदवा आणि आलेख काढा. रेषा आडवी राहते की चढते? चढत असेल, तर १६.७ ची मर्यादा ती कोणत्या मिनिटाला ओलांडेल ते आधीच सांगा आणि घड्याळ लावून पडताळा.