मुक्कामाला राहिलेली मजुरी

शास्त्रपाठ : लेवीय १९:९-१८, अनुवाद २४:१४-२२, याकोब ५:१-६



ख्रिस्ती साक्षीविषयी बोलताना आपण प्रार्थना, उपासना व दानधर्म यांचा उल्लेख आवर्जून करतो. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा पगार कोणत्या तारखेला दिला गेला, हा विषय मात्र साक्षीच्या सभेत सहसा निघत नाही. पवित्र शास्त्रात तो वारंवार निघाला आहे, आणि ज्या संदर्भांत निघाला आहे ते लक्षपूर्वक वाचले असता मन अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही.

प्रथम लेवीय १९:१३ पाहावे. तेथे एकाच वचनात तीन गोष्टींना मनाई आहे : शेजाऱ्यावर जुलूम करणे, त्याला लुबाडणे, आणि मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेणे. या तिसऱ्या गोष्टीसाठी मूळ इब्री भाषेत वापरलेले क्रियापद रात्रीच्या मुक्कामाचे आहे. मजुरी ही जणू दुसऱ्याच्या घरचे माणूस. संध्याकाळ झाली की तिने स्वतःच्या घरी जावे, धन्याच्या घरी वस्तीला राहू नये. आपण ज्याला साधा उशीर म्हणतो, त्याला नियमशास्त्र लुबाडणुकीच्या पंक्तीस बसवते. येथून पाचच वचने पुढे शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा येते. तीच आज्ञा प्रभू येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितली (मत्तय २२:३९). म्हणजे ही प्रीती केवळ भावनेत वास करीत नाही. शेताच्या कडेला गरिबासाठी राखलेले पीक, आंधळ्याच्या वाटेत न ठेवलेले अडखळण आणि वेळेवर दिलेली मजुरी हा तिचा शेजार आहे.

अनुवादात मोशे या आज्ञेचे कारण सांगतो. मजूर गरीब आहे आणि त्याने आपला जीव त्या मजुरीकडे लावलेला आहे. हे अलंकारिक बोलणे नव्हे. नाक्यावर उभे राहून रोजचे काम मिळवणाऱ्या मजुराचा विचार करा. सायंकाळी हाती पडणाऱ्या पैशांतून त्याच रात्रीचे पीठ आणि तेल यायचे असते. ते पैसे आठ दिवस लांबले तर किराणा दुकानात उधारी चढते, खोलीचे भाडे थकते आणि सावकाराची पायरी चढावी लागते. पैसे अडवणाऱ्याला त्या आठ दिवसांची आठवणही राहत नाही. पूर्वी सुट्या पैशांची सबब तरी असे. आता मोबाईलवरून क्षणात पैसे पोहोचतात, तरीही सबबी संपलेल्या नाहीत!

हा मजूर स्वजातीय असो वा परदेशी, नियम एकच, असेही तेथे म्हटले आहे. इस्राएल स्वतः मिसर देशात दास होता, याची आठवण त्याच अध्यायात दोनदा करून दिली आहे. इंदूर, बडोदे, दिल्ली अशा ठिकाणी पोटापाण्यासाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना परमुलखातील माणसाची अडचण निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

मजुरी अडकवण्याच्या रीती अनेक आहेत. बीडकडून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतात आणि हंगामभर ती फेडत राहतात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि रोख बहुधा पुरुषाच्या हाती पडते. स्त्रीने वेचलेले घामाचे मोल कोणत्या वहीत लिहिले जाते? शहरातील घरांत खाड्यांचे पैसे कापले जातात, फुटलेल्या बशीची किंमत वळती होते, आणि आपण सुट्टीवर गावी गेलो की त्या दिवसांचा पगारही बुडतो. २०२० सालच्या टाळेबंदीत अशा कित्येक बायांचे उत्पन्न एका दिवसात बंद झाले.

कायद्याचा आधारही त्यांना तोकडाच मिळाला. १९३६ सालच्या वेतनविषयक कायद्याने हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्यांना पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंतची मुदत घालून दिली होती. घरकामाच्या बाया त्या कक्षेबाहेर राहिल्या. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला खरा, परंतु पगाराची तारीख घराघरांत धन्याच्या सोयीनेच ठरत आली आहे.

येथे कोणी म्हणेल, आमचा करार महिन्याचा आहे. मग रोजच्या रोज कसे द्यावे? त्याची आवश्यकता नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धन्यानेही मजुरांशी आधी ठराव केला होता (मत्तय २०:२). ठरलेला दिवस उलटू न देणे हे या आज्ञेचे मर्म आहे. बाईंना मागावयास लावणे, ‘उद्या या’ म्हणून परतवणे, हा तिचा भंग होय.

संदेष्ट्यांची भाषा तर याहून कठोर आहे. यहोयाकीम राजाने फुकट राबवून घेऊन प्रशस्त वाडा बांधला, तेव्हा यिर्मयाने त्याला त्याच्या पित्याची, योशीयाची, आठवण दिली. योशीया गरिबांचा न्याय करीत असे, आणि देवाला ओळखणे म्हणजे हेच, असे यिर्मया सांगतो (२२:१३-१६). मलाखीने मजुरी बुडवणाऱ्यांना जादूगार, व्यभिचारी आणि खोटी शपथ वाहणारे यांच्या यादीत घातले (३:५). आपल्या मंडळ्यांत दशांशावर उपदेश करताना मलाखी ३:१० हे वचन वर्षातून कितीदा वाचले जाते! पाच वचने अलीकडे बोट सरकत नाही. याकोबाच्या मते तर अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचतो. मजूर गप्प राहिला, काम जाईल या भीतीने बोलला नाही, तरी पैसा बोलतो.

हे वचन मंडळीच्या दप्तरालाही लागू आहे. मंदिराची झाडलोट करणारा सेवक, मिशनच्या वसतिगृहातील स्वयंपाकीण, दवाखान्यातील आया यांना ‘ही प्रभूची सेवा आहे’ असे सांगून तुटपुंज्या व थकलेल्या पगारावर राबवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. नाताळची रोषणाई, मंडप, पाहुण्यांचे भोजन यांचा खर्च पंचायतीच्या सभेत मंजूर होतो, तेव्हा त्या सेवकाचा नोव्हेंबरचा पगार झाला आहे काय, हा प्रश्न कोणीतरी उभे राहून विचारावा. दाखल्यातील धन्याने संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावले, आणि मजुरी वाटण्यास शेवटी आलेल्यांपासून आरंभ केला.