एका माणसापुरते पक्वान्न

तंजावर येथील मराठ्यांच्या सत्तेचा १८५५ साली अस्त झाला. परंतु तिच्या खुणा तेथील ग्रंथालयात आणि स्वयंपाकघरात आजही टिकून आहेत. राजे सरफोजी दुसरे यांच्या (राज्यकाल १७९८–१८३२) मुदपाकखान्यातील पाककृतींचे मराठी हस्तलिखित सरस्वती महाल ग्रंथालयाने ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने छापून प्रसिद्ध केले आहे. अशा मुदपाकखान्यात एका माणसापुरते पक्वान्न करण्याचे कारणच नव्हते. चुली मोठ्या, भांडी मोठी आणि पंक्तीही मोठी.

आज त्याच शहरात, पुण्यात किंवा परदेशातील एखाद्या सदनिकेत सणाच्या दिवशी एकटाच असलेला माणूस वेगळ्याच अडचणीत असतो. पुरण शिजवावे, कणीक तिंबावी, तवा तापवावा, आणि हे सर्व एका पोळीसाठी? ‘एकट्या जिवाला एवढा खटाटोप कशाला,’ असे म्हणून तो सणाचा गोड घासच सोडून देतो. मायक्रोवेव्ह भट्टीचा खरा उपयोग अशा माणसाला आहे. तो कसा, हे समजून घेण्यासाठी प्रथम या भट्टीचे कार्य पाहू.

१९४५ साली अमेरिकेत रडारच्या उपकरणांवर काम करीत असताना पर्सी स्पेन्सर या तंत्रज्ञाच्या खिशातील मिठाईची वडी वितळली, अशी हकीकत सांगतात. त्याच्या संशोधनातून १९४७ साली पहिली व्यापारी भट्टी बाजारात आली. या भट्टीतील लहरींची कंप्रता साधारणपणे २,४५० मेगाहर्ट्‌झ व लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन, तर दुसरे किंचित ऋण असते. लहरींचे विद्युत्क्षेत्र सतत दिशा पालटते, त्याबरोबर हे रेणू वळू पाहतात, शेजारच्या रेणूंशी त्यांची झटापट होते आणि उष्णता निर्माण होते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. साध्या भट्टीत आधी भिंती आणि हवा तापवावी लागते. पोळी एक असो वा दहा, त्या खर्चात फारसा फरक पडत नाही. येथे मात्र उष्णता प्रत्यक्ष अन्नातच निर्माण होते. म्हणून अन्न थोडे तर वेळही थोडा. दोन पेले एकदम ठेवले की तीच शक्ती दोघांत वाटली जाते आणि वेळ जवळजवळ दुपटीच्या दिशेने वाढतो. म्हणजे ही भट्टी पंगतीची नव्हे, एकट्याची आहे.

आता कृती. भोगीच्या दिवशी अनेक तमिळ घरांत पोळी होते, आणि तिचे नावही ‘पोळी’च. तिच्या नारळाच्या प्रकारातील सारण आपण येथे घेऊ. पाच टेबलचमचे (सुमारे ४० ग्रॅम) मैदा, पाव चहाचमचा बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ एकत्र करावे. त्यात दोन चहाचमचे तूप चोळून सुमारे २५ मिलिलिटर दुधात मऊ गोळा भिजवावा. तो फार मळू नये. मळल्याने मैद्यातील प्रथिनांचे जाळे घट्ट होते व पदार्थ चिवट बनतो. दहा मिनिटे झाकून ठेवावा. मग दोन बोटे रुंद व वीतभर लांब पट्टी लाटून तिच्यावर तुपाचा हात फिरवावा. दोन टेबलचमचे ओला नारळ, दोन चहाचमचे किसलेला गूळ व वेलदोड्याची पूड पसरून पट्टीची गुंडाळी करावी आणि तूप लावलेल्या चिनी मातीच्या पेल्यात उभी ठेवावी. पेल्याचा निम्मा भाग रिकामा राहिला पाहिजे.

तंजावरच्या घरातील कॉफीचा डबरा व टंबलर मात्र येथे चालणार नाहीत. धातू लहरी परतवून लावतो आणि ठिणग्याही उडू शकतात. सोनेरी कडेचा पेलाही वर्ज्य समजावा. भट्टीत लहरी एकमेकींत मिसळून काही जागा तप्त व काही थंड राहतात. यासाठी पेला फिरत्या तबकडीच्या मध्यावर न ठेवता कडेजवळ ठेवावा, म्हणजे तो दोन्ही जागांतून फिरतो.

७०० वॉट शक्तीवर ४५ सेकंद पुरतात. येथे घाई किंवा औदार्य दोन्ही घातक. दहा सेकंद अधिक म्हणजे ७,००० ज्यूल उष्णता. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,२६० ज्यूल लागतात. सर्व उष्णता पदार्थात शिरली, तर तीन ग्रॅम पाणी उडून जाईल. प्रत्यक्षात ती सर्व शिरत नाही. तरीही आपल्या दुधात पाणी जेमतेम २२ ग्रॅम आहे, हे विसरू नये. मोठ्या पातेल्यात खपून जाणारी चूक एका पेल्यात पदार्थाचे लाकूड करते. म्हणून कच्चे वाटल्यास पाच-पाच सेकंदच वाढवावेत. बाहेर काढल्यावर एक मिनिट थांबावे: उष्णता मध्यापर्यंत पोचते, आणि गुळाचा पाक तोंड पोळण्याइतका तापलेला असतो.

या भट्टीची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. पदार्थात पाणी आहे तोवर त्याचा पृष्ठभाग १०० अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही. खमंग तांबूस रंग यायला साधारणपणे १४० अंश लागतात. त्यामुळे आपली गुंडाळी मऊ होईल, पण फिकट राहील. त्यावरचा उपाय जुनाच आहे. लहान तव्यावर अर्धा चमचा तूप तापवून ती दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट परतावी. आतले काम लहरी करतात, बाहेरचे तवा.

हीच गोष्ट करंजी किंवा साटोरी यांच्याबाबत साधणार नाही, कारण त्यांचे सारे रहस्य खुसखुशीत आवरणात आहे. उलट तंजावरजवळच्या तिरुवैयारू येथील मुगाच्या डाळीचा ‘अशोका’ हलवा पुन्हा गरम करायला ही भट्टी उत्तम. यंत्राचा स्वभाव ओळखून पदार्थ निवडावा, एवढेच या पाठाचे सार.

सणाचा गोड घास करण्यासाठी पंगत जमलीच पाहिजे असे नाही. एक पेला, पाच चमचे मैदा आणि पाऊण मिनिट, इतक्यावरही तो दिवस साजरा होऊ शकतो.